ताण, व्यसन आणि व्हिएतनामहून परतलेले सैनिक

दवाखान्यात एक संवाद मी अनेकदा ऐकतो. समोर नवरा-बायको बसलेले असतात. नवरा म्हणतो, "डॉक्टर, मी काही बेवडा नाही. कामाचं टेन्शन आहे म्हणून घेतो. टेन्शन गेलं की आपोआप सुटेल." बायको मान हलवते आणि म्हणते, "काही सुटत नाही हो. एकदा लागली की लागली. माझे वडील असेच गेले."

दोघंही खोटं बोलत नसतात. पण दोघांपैकी बरोबर कोण? ताण गेला की व्यसन जातं का? आणि एकदा लागलेलं व्यसन कधीच सुटत नाही, हे खरं आहे का?

या दोन्ही प्रश्नांची परीक्षा इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली. प्रयोगशाळेत नव्हे, तर एका युद्धात. म्हणून आज औषधांची नावं बाजूला ठेवून तुम्हाला ती हकिकत सांगतो. नंतर आपण पुन्हा या नवरा-बायकोकडे येऊ.

१९७१ : अमेरिकेला भरलेली धडकी

व्हिएतनामचं युद्ध तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. अमेरिकी सैनिक साधारण एक वर्षासाठी तिथे पाठवले जायचे. बहुतेक जण विशीच्या आसपासचे. घर बारा-तेरा हजार किलोमीटर दूर. दमट उष्णता, जंगल, कधी गोळीबार, तर कधी नुसतंच बसून राहणं. युद्ध कशासाठी चाललं आहे, याबद्दल मायदेशातच वाद पेटलेला.

सुरुवातीला सैनिकांमध्ये गांजा चालायचा. गांजाचा वास लपत नाही, त्यामुळे पकडापकडी सुरू झाली. १९७० पासून तिथे हेरॉइन सहज मिळू लागलं. आपल्याकडे ज्याला 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' म्हणतात, त्याच जातीचा हा पदार्थ, पण कितीतरी शुद्ध आणि अतिशय स्वस्त. सिगारेटमध्ये भरून ओढलं तर शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. सुईची गरज नाही, त्यामुळे भीतीही कमी.

मे १९७१ मध्ये अमेरिकी संसदेच्या दोन सदस्यांनी, रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी यांनी, व्हिएतनामला भेट देऊन अहवाल मांडला. तिथल्या सैनिकांपैकी १० ते १५ टक्के हेरॉइनच्या आहारी गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. देश हादरला. त्या काळची समजूत अशी होती, की हेरॉइनच्या तावडीत सापडलेला माणूस सुटत नाही. असे हजारो तरुण, तेही शस्त्र चालवायला शिकलेले, गावोगावी परत आले तर काय होईल?

ही समजूत हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे १९३५ पासून व्यसनी रुग्णांसाठी एक मोठं सरकारी रुग्णालय चालू होतं. तिथे महिनोन्महिने राहून बरे झालेले बहुसंख्य रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा नशेकडे वळत. डॉक्टरही हताश झाले होते.

जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्यसनाच्या प्रश्नासाठी खास कार्यालय काढलं आणि डॉ. जेरोम जॅफी या मनोविकारतज्ज्ञांना त्याचं प्रमुख केलं. व्हिएतनाममध्ये नियम लागू झाला, की घरी जाणाऱ्या विमानात बसण्यापूर्वी प्रत्येक सैनिकाने लघवीची तपासणी करून घ्यायची. हेरॉइनचा अंश सापडला तर विमान चुकलं. काही दिवस तिथेच थांबून नशा उतरवायची, पुन्हा तपासणी द्यायची आणि मगच घर.

एका संशोधिकेने केलेली मोजणी

भीती सगळ्यांना होती, पण घरी गेल्यावर या मुलांचं खरोखर काय होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. ते शोधण्याचं काम डॉ. जॅफींनी सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांच्याकडे सोपवलं. रॉबिन्स समाजशास्त्रज्ञ होत्या. बिघडलेली मुलं मोठेपणी कशी निघतात, यावर त्यांनी आधी फार चिकाटीने काम केलं होतं. जुने पत्ते शोधून माणसं गाठण्यात त्यांचा हातखंडा होता.

सप्टेंबर १९७१ मध्ये १३ हजारांहून अधिक सैनिक व्हिएतनामहून मायदेशी परतले. त्यांतून रॉबिन्स यांनी सुमारे ९०० जण निवडले. काही सरसकट सगळ्यांमधून, तर काही निघताना लघवीत अंश सापडलेल्यांमधून. साधारण आठ ते बारा महिन्यांनी त्यांच्या माणसांनी या प्रत्येकाला घरी जाऊन गाठलं, मुलाखत घेतली, लघवीचा नमुना घेतला आणि लष्करी नोंदींशी ताडून पाहिलं. जवळजवळ सगळे सापडले. १९७४ मध्ये, परतून तीन वर्षं झाल्यावर, त्यांतल्या अनेकांची पुन्हा मुलाखत झाली.

आकडे असे होते. व्हिएतनाममध्ये जवळजवळ निम्म्या सैनिकांनी अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं. ३४ टक्क्यांनी हेरॉइन घेतलं होतं. सुमारे २० टक्के, म्हणजे दर पाचांतला एक, तिथे खऱ्या अर्थाने व्यसनी झाला होता. नशा मिळाली नाही की अंग दुखणं, घाम, जुलाब, झोप उडणं, ज्याला आपल्याकडची व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात, तो सगळा त्रास त्यांनी भोगला होता. म्हणजे संसद सदस्यांचा अंदाज फुगवलेला नव्हता. उलट तो कमीच होता.

आता पुढचा आकडा बघा. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले फक्त ५ टक्के. तीन वर्षांत कधी ना कधी पुन्हा व्यसनात अडकले ते १२ टक्के, आणि त्यांतलेही बहुतेक थोड्या काळासाठीच. आणखी आश्चर्य म्हणजे, अशा सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी घरी आल्यावर एकदा-दोनदा पुन्हा हेरॉइन किंवा अफू घेऊन पाहिली होती. तरीही बहुतेक जण त्यात वाहून गेले नाहीत. आणि फार थोड्यांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले होते.

या निष्कर्षांवर लोकांचा विश्वास बसेना. सरकारला सोयीचं म्हणून असं लिहिलं, असाही संशय घेतला गेला. पण मोजणी पक्की होती. वीस-बावीस वर्षांनी, १९९३ मध्ये, रॉबिन्स यांनी पुन्हा लेख लिहून हाच प्रश्न विचारला : ही सुटका म्हणजे अपघात होता, की असं होणं मुळात स्वाभाविकच आहे?

म्हणजे ताण गेला आणि व्यसन गेलं?

इथे आपल्या नवऱ्याचा चेहरा उजळेल. "बघा, युद्धाचं टेन्शन संपलं आणि सुटलं!" पण थांबा. रॉबिन्स यांची माहिती इतकी सरळ नाही.

पहिली गोष्ट, बहुतेकांनी हेरॉइन सुरू केलं ते व्हिएतनाममध्ये पोचल्यावर पहिल्या काही महिन्यांत, अनेकांनी तर लढाईला तोंड देण्याच्याही आधी. ज्यांनी जास्त लढाई पाहिली तेच जास्त व्यसनी झाले, असं आढळलं नाही. सैनिकांनी स्वतः दिलेली कारणं वेगळी होती. तिथलं आयुष्य त्यामुळे सुसह्य व्हायचं. कंटाळा जायचा, शिस्तीचा जाच कमी वाटायचा, घरची आठवण बोथट व्हायची आणि दिवस लवकर सरायचे.

म्हणजे ताण होता, पण तो सिनेमातल्या बॉम्बगोळ्यांचा नव्हता. तो रोजचा, संथ, न संपणारा ताण होता. ज्यातून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही, जिथे आपल्या हातात काहीच नाही, असा ताण. तुमच्या ओळखीचा वाटतो का? नको असलेली नोकरी, डोक्यावरचं कर्ज, सलग रात्रपाळी, घरात धरलेला अबोला, वर्षानुवर्षं चाललेलं आजारपण. हाच तो प्रकार.

दुसरी गोष्ट, सगळे एकाच छावणीत असूनही सगळे व्यसनी झाले नाहीत. सैन्यात येण्यापूर्वीच ज्यांनी नशा केली होती, ज्यांचं लहानपण शाळा बुडवणं, मारामाऱ्या, पोलीस अशा वाटेने गेलं होतं, त्यांना धोका जास्त होता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरी परतल्यावर फक्त ताण बदलला नाही, तर सगळंच बदललं. स्वस्त, शुद्ध हेरॉइन दारात मिळेनासं झालं. सिगारेट शेअर करणारे मित्र पांगले. ती जागा, तो वास, ती संध्याकाळची वेळ, सगळं मागे राहिलं. गावात हेरॉइन घेणारा म्हणजे लाजिरवाणा माणूस. आणि समोर होतं घर, कॉलेज, नोकरी, लग्न. हे सगळं त्यांना एका विमानप्रवासात मिळालं.

लेक्सिंग्टनच्या रुग्णांना काय मिळालं? ते बरे होऊन त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच बेकारीत परत गेले. फरक इथे होता.

जो ताण विमानातून बरोबर आला

हकिकतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हेरॉइन सुटलं म्हणून सगळे सुखी झाले असं नाही. परतलेल्या अनेकांची दारू वाढली. काहींना रात्री ओरडत जाग यायची, मोठा आवाज झाला की अंग थरथरायचं, माणसांत बसवेना. अनेक वर्षं याला नीट नावही नव्हतं. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणविकार, आपल्या अधिकृत यादीत घेतला. त्यात व्हिएतनामच्या सैनिकांचा आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता.

१९८० च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की तिथे लढलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी हा विकार झाला होता आणि १५ टक्क्यांना तो तेव्हाही होता, युद्ध संपून दहा वर्षं उलटल्यावर. ज्यांना हा विकार होता, त्यांच्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण इतरांपेक्षा खूपच जास्त होतं.

म्हणजे जागेचा ताण जागेवर राहिला, तेव्हा व्यसनही तिथेच राहिलं. जो ताण डोक्यात बसून घरी आला, तो आपल्याबरोबर नवं व्यसन घेऊन आला.

शरीरात काय होतं?

'ताण' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्याची सुरुवात हान्स सेल्ये या शास्त्रज्ञापासून झाली. १९३६ मध्ये त्यांनी दाखवलं, की थंडी, जखम, विष, अतिश्रम अशी कारणं वेगवेगळी असली तरी उंदरांचं शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून संदेश पिट्युटरी ग्रंथीकडे जातो, तिथून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे, आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. ही साखळी सुरू करणारं मेंदूतलं रसायन, सीआरएफ, १९८१ मध्ये वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं.

ही यंत्रणा वाईट नाही. समोर साप आला तर तिच्यामुळेच आपण उडी मारतो. साप गेला की ती शांत व्हायला हवी. पण साप रोजच उशाशी असेल तर ती शांत होत नाही. अशा वेळी दारू, तंबाखू, गर्द, झोपेच्या गोळ्या काही तासांपुरता आराम देतात. मेंदू तो आराम लक्षात ठेवतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलं, की अनेक व्यसनी माणसं मजेसाठी नव्हे, तर सहन न होणाऱ्या भावनांवर स्वतःच केलेला औषधोपचार म्हणून नशा करतात.

पण हे औषध उलटतं. रोजच्या नशेने मेंदूतली ताणाची यंत्रणाच बिघडते. नशा उतरू लागली की सीआरएफ वाढतं, छाती धडधडते, चिडचिड होते, झोप लागत नाही. माणसाला वाटतं, "टेन्शन आलंय, आता घ्यायलाच हवी." प्रत्यक्षात ते टेन्शन कालच्या दारूने आणलेलं असतं. ताणामुळे नशा आणि नशेमुळे ताण, असं हे रहाटगाडगं सुरू होतं. आपला नवरा नेमका इथे फसतो. त्याचं टेन्शन जाणार कसं? रोज रात्री तो ते स्वतःच भरून ठेवतो आहे.

आणि नशा थांबली तरी मेंदू लगेच विसरत नाही. १९९५ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात, हेरॉइनची सवय सुटलेल्या उंदरांना पायाला विजेचा सौम्य झटका दिला, तर ते पुन्हा हेरॉइनची कळ दाबू लागले. माणसांत येल विद्यापीठाच्या रजिता सिन्हा यांनी याचा अभ्यास केला. व्यसन सोडलेल्यांना त्यांच्याच आयुष्यातला तणावाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणायला सांगितला तर तलफ वाढते, आणि ज्यांची तलफ जास्त वाढते ते लवकर पुन्हा नशेकडे वळतात, असं कोकेनच्या रुग्णांत दिसलं.

लहानपणाचा धागाही विसरू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्यांनी बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली व्यसनं, आईला होणारी मारझोड अशा गोष्टींपैकी चार किंवा अधिक भोगल्या होत्या, त्यांच्यात पुढे दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. आज घरात जो तमाशा चालतो, तो कोपऱ्यात बसलेलं मूल पाहत असतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे.

मग तुम्ही काय करायचं?

आपल्या प्रत्येकाला विमानात बसवून नव्या जगात पाठवता येत नाही. पण त्या सैनिकांना जे आपोआप मिळालं, ते आपण थोडं थोडं हाताने उभं करू शकतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा गर्दच्या विळख्यातली मुलं समोर होती. अशा केंद्रांत नुसती नशा उतरवत नाहीत. दिनक्रम, काम, गटात बोलणं, घरच्यांचं समुपदेशन आणि बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा, यांवर भर असतो, तो याच कारणाने.

काही गोष्टी लक्षात ठेवा :

१. रोज जास्त दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एका दिवसात बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. काही दिवसांच्या औषधांनी हा टप्पा सुरक्षितपणे पार पडतो.

२. नशा उतरवणं म्हणजे उपचार संपले असं नाही. खरी परीक्षा घरी आल्यावर असते. जाण्या-येण्याचा रस्ता बदला, त्या मित्रांचे नंबर काढून टाका, पगार काही महिने घरच्यांच्या हाती द्या आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेला काहीतरी ठरलेलं काम ठेवा.

३. ताणावर वेगळे उपचार घ्या. झोप, व्यायाम, श्वसन, समुपदेशन आणि गरज असल्यास औषधं. नैराश्य किंवा जुना आघात तसाच ठेवून फक्त दारू सोडवली, तर ती टिकणं कठीण.

४. एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्या सैनिकांपैकी निम्म्यांनी परत चव घेतली होती, तरी बहुतेक सावरले. मात्र गर्द किंवा तत्सम पदार्थ काही काळ बंद ठेवून पुन्हा जुन्या मात्रेत घेणं जीवघेणं ठरू शकतं, कारण शरीराची सहनशक्ती तोवर कमी झालेली असते.

५. टोमणे आणि अपमान हेसुद्धा ताणच आहेत. घरच्यांनी पैसे देणं थांबवावं, बोलणं थांबवू नये.

मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस' १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो.

आता त्या नवरा-बायकोकडे येऊ. नवऱ्याला मी सांगतो, "तुमचं टेन्शन खरं आहे. पण ते जाण्याची वाट बघत बसलात तर दारू ते जाऊ देणार नाही. आधी दारू थांबवू, मग टेन्शनकडे बघू, दोन्हींसाठी मी आहे." आणि बायकोला सांगतो, "तुमच्या वडिलांचं जे झालं ते वाईट झालं. पण एकदा लागली की सुटतच नाही, हे खरं नाही. पन्नास वर्षांपूर्वी हे मोजून सिद्ध झालं आहे. त्या मुलांना परत यायला एक घर होतं. तुम्ही आज इथे बरोबर आला आहात, म्हणजे यांनाही आहे."

एवढं ऐकल्यावर बहुतेक वेळा ती पहिला प्रश्न विचारते, "मग पुन्हा कधी यायचं?" मी तारीख लिहून देतो. उपचाराची सुरुवात तिथून होते.